जुन्या झेनच्या कॅसेट डेकला ब्लूटूथ आणि आयपॉड जोडायचाय, डेक मात्र बदलायचा नाही

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. गाडी २००५ ची मारुती झेन, एमएच १०, पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग परत करून घेतलं कारण आप्पा ती विकू देत नाहीत आणि मलाही विकायची नाही. आत त्या वेळी बसवलेला कॅसेट डेक आहे, गोल फिरवायचा व्हॉल्यूम, रेडिओ, बस. ऑक्स (फोनची वायर खुपसायचं भोक) नाही, यूएसबी नाही.

आप्पांच्याकडं साठेक कॅसेटी आहेत. आकाशवाणी सांगलीवरून उतरवून घेतलेलं नाट्यसंगीत, मिरजेच्या दर्ग्याच्या उरुसातल्या दोन-तीन मैफिली, लेबलावर शाईपेनानं राग आणि तारीख. २०१९ च्या महापुरात आमच्या गावभागात पाणी शिरलं तेव्हा कॅसेटी माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. भाच्यानं गेल्या दिवाळीत सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून दिल्या, आता एक कॉपी माझ्या फोनमध्ये आणि एक जुन्या आयपॉड क्लासिकमध्ये. डेकचा बेल्ट सैल झालाय त्यामुळं कॅसेट लावली की सूर हलतो, आप्पांना ते सहन होत नाही, ते सरळ बंद करा म्हणतात.

लायटर सॉकेटमध्ये लावायचा एफएम ट्रान्समीटर आणून बघितला. घराखाली बरा वाजला, आष्ट्याच्या पुढं गेल्यावर मध्येच दुसरं स्टेशन घुसायला लागलं, कराडला फ्रिक्वेन्सी बदलली, साताऱ्यात परत बदलली, आणि आलाप चालू असताना मागं सतत स्स्स्स. दुकानात विचारलं तर म्हणाले डॅश कापून मोठी स्क्रीन बसवू. डॅश कापायचा नाही. आहे त्याच डेकमधून फोन आणि आयपॉड दोन्ही वाजवता येतील का, कुणी केलंय का?

पेठनाका
दादा, तुमच्या भावना कळतात पण एक सोपा रस्ता सांगतो, मग तुम्ही ठरवा. डॅश कापायची काहीच गरज नाही. झेनचा खण सिंगल डिनचा आहे, म्हणजे तोंड साधारण १८० बाय ५० मिलिमीटर, आणि त्याच मापाचे ब्लूटूथ, यूएसबी, ऑक्सवाले डेक आजही मिळतात. तो स्क्रीनवाला डबल डिन, १०० मिलिमीटर उंच, म्हणून तुम्हाला कापायला सांगितलं.

वायरिंगचं म्हणाल तर बाजारातल्या डेकच्या कपलरला पिवळी म्हणजे कायमचा १२ व्होल्ट, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, काळी अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला (बॉडीला) जाणारी. पांढरी पुढचा डावा स्पीकर, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, पट्टा असलेली वायर वजा. पिवळी-लाल अदलाबदल झाली तर चावी काढली की स्टेशनं पुसतात, एवढीच खूण लक्षात ठेवा. माझ्या अल्टोला मी स्वतः बसवलाय, दुपारचं जेवण झाल्यावर सुरू केलं आणि चहाच्या आत झालं. जुना डेक कपाटात जपून ठेवा की, फेकायला कोण सांगतंय.

अजिंक्यतारा
साताऱ्याहून लिहितोय. एफएम ट्रान्समीटरला एकदम वाईट ठरवू नका, तो कुठं वापरायचा ते कळलं पाहिजे. मी यवतेश्वरवरून कासला जातो तेव्हा वरती डायल जवळजवळ मोकळी असते, तिथं तो छान वाजतो. पोवई नाक्यावर आलो की गडबड. खंबाटकी उतरून पुण्याच्या बाजूला जाल तसं तर रिकामी जागाच सापडत नाही. कारण साधं आहे, त्या छोट्या डबीची ताकद अगदी कमी आणि स्टेशनचा ट्रान्समीटर जबरदस्त, रेडिओ ज्याचा सिग्नल मोठा त्याला धरतो.

त्यातच राहायचं असेल तर वायरवाला एफएम मॉड्युलेटर मिळतो, तो अँटेनाची पिन आणि डेक यांच्या मध्ये बसतो. गाणं लावलं की बाहेरचा अँटेना तोडतो आणि आपला सिग्नल वायरनं थेट डेकला देतो. दुसरं स्टेशन घुसायचं जवळजवळ बंद होतं. डेक उघडावा लागत नाही, नुसता बाहेर ओढायचा.

तंबोरा_मिरज
मी वयानं मोठा आहे म्हणून जरा मनातलं लिहितो. कृष्णाकाठ, तुमच्या आप्पांना त्रास कशाचा होतोय ते मला पुरेपूर कळतंय. आमच्या मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे आणि सतारी तयार होतात, त्या आवाजात आम्ही वाढलो. तंबोऱ्याची जवारी म्हणजे काय, घोडीवर तार जिथं टेकते तिथला बाक घासून असा लावायचा आणि खाली सूत असं सरकवायचं की एका तारेतून वरचे स्वर झरत राहतात. ते स्वर बारीक असतात. मोठ्या आवाजाच्या सिनेमाच्या गाण्यात एफएमची खरखर झाकून जाते, पण बडा ख्याल सुरू होताना नुसते तंबोरे वाजत असतात तेव्हा झाकायला काहीच नसतं. खरखर आणि जवारी एकाच जागी येऊन बसतात आणि जवारी जाते. म्हणून वायर मॉड्युलेटरसुद्धा मी तुम्हाला सांगणार नाही, स्टेशनं घुसणार नाहीत पण एफएमची खरखर तशीच राहील.

मी बरीच वर्षं कॅसेट अडॅप्टर वापरला. कॅसेटच्याच आकाराचा, आत फितीऐवजी एक छोटं हेड, त्याला साडेतीन मिलिमीटरची पिन. त्याचं हेड डेकच्या हेडला चिकटून चुंबकानं सिग्नल देतं. एफएमपेक्षा कितीतरी बरा. आधी डेकचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून घ्या, माझ्या पहिल्या बोळ्यावर काळपट तपकिरी थर आला होता आणि पुसल्यावर वरच्या पट्टीतला आवाज उघडला. एकच अडचण, ऑटो रिव्हर्सवाला डेक असेल तर तो अडॅप्टरला शेवट आला समजून सारखा बाजू बदलतो.

सोल्डरवाली
कुपवाडला कंट्रोल पॅनलच्या दुरुस्तीत बारा वर्षं आहे, कार टेप हा घरचा छंद, आतापर्यंत दहा-अकरा तरी उघडलेत. दादा तुम्ही "गोल फिरवायचा व्हॉल्यूम" लिहिलंय तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. तो खरा पॉट (आवाज कमीजास्त करणारा फिरता रेझिस्टन्स) असेल, म्हणजे दोन्हीकडं टोकाला जाऊन थांबत असेल, तर तुमचं काम होणार आणि चांगलं होणार. न थांबता गोल गोल फिरत असेल तर आत ऑडिओ प्रोसेसरची चिप आहे, मग कुठं घुसायचं ते चिपचा नंबर वाचून ठरवावं लागेल.

उघडायच्या आधी मागची बाजू नीट बघा. कितीतरी जुन्या डेकला मागं आरसीए (आवाज आत घ्यायचे लाल-पांढरे गोल सॉकेट) किंवा सीडी चेंजरचा सॉकेट असतो आणि मालकाला पत्ताच नसतो. तो निघाला तर सोल्डरिंगची भानगडच नाही.

नसेल तर असं. स्टीरिओ पॉटला सहा पाय असतात, तीन डाव्याचे तीन उजव्याचे (आठ असतील तर जादाचे दोन लाउडनेसचे, त्यांना हात लावू नका). डेक गाडीतून काढून मल्टिमीटर बीपवर ठेवा, जो पाय बॉडीशी बीप देतो तो अर्थ, व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर ज्याचा अर्थशी रेझिस्टन्स शून्याजवळ येतो तो मधला, उरला तो इनपुट. रेडिओ आणि टेप दोघांचाही सिग्नल त्या इनपुटच्या पायावर येतो. तिथं येणारा ट्रॅक (सर्किट बोर्डवरची तांब्याची पट्टी) कापायचा, आणि सहा पायाचा डीपीडीटी टॉगल स्विच (डावा-उजवा दोन्ही एकदम बदलणारा) घालायचा, एका बाजूला डेकचा स्वतःचा सिग्नल, दुसऱ्या बाजूला आपला, मधले दोन पाय पॉटला. म्हणजे स्विच वर केला की जुना डेक जसाच्या तसा, रेडिओ आणि कॅसेट दोन्ही चालू, खाली केला की फोन. जुनं काहीच मरत नाही. आपल्या सिग्नलमध्ये प्रत्येक चॅनलला १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर सिरीजमध्ये घाला, डीसी अडवायला. वायर शील्डवाली (आत जाळीचं आवरण असलेली) वापरा, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा, डेकच्या बाजूला.

आयपॉड आणि ब्लूटूथ दोन्हीसाठी साडेतीन मिलिमीटरचा पाच पायाचा स्विचवाला सॉकेट आणा. पिन घातली नाही तोवर आतले पाय जोडलेले असतात, त्यातून ब्लूटूथ जाऊ द्या, आयपॉडची पिन खुपसली की ते पाय सुटतात आणि आयपॉड वाजतो. वेगळा स्विच लागत नाही. आयपॉड हेडफोनच्या भोकातून न घेता खालच्या ३० पिनच्या कनेक्टरमधून लाइन आउटनं घ्या, तो सिग्नल आयपॉडच्या व्हॉल्यूमच्या आधीचा असतो, स्वच्छ येतो आणि कमीजास्त करायचं काम डेकच्या पॉटवर राहतं.

ब्लूटूथचं मॉड्यूल (फोनचा आवाज पकडणारी छोटी पाटी) ५ व्होल्टवर चालतं. गाडीत इंजिन चालू असताना १४ च्या आसपास असतात, सरळ लावलंत तर गेलं. डेकमधल्या चावीनंतरच्या लाइनवरून १ अँपिअरचा फ्यूज, मग बक कन्व्हर्टर (व्होल्टेज खाली आणणारी पाटी), तो आधी मल्टिमीटर लावून ५ वर सेट करा आणि मगच मॉड्यूल जोडा. आतमध्ये बॅटरी असलेला रिसीव्हर डॅशमध्ये कोंबू नका, मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशमध्ये लिथियम सेल फुगतात, एक फुगलेला माझ्याकडं आला होता, प्लास्टिक उललं होतं.

आणि चारही स्पीकरला वेगळ्या प्लस-मायनस वायरी जात असतील तर कुठल्याही स्पीकरची वजा वायर बॉडीला लागू देऊ नका. त्या आउटपुटला दोन्ही वायरी जिवंत असतात, अर्थला टेकली की ॲम्प्लिफायरचा आयसी जाऊ शकतो.

पेठनाका
ताई, हे वाचून मी माझं मत बदलतोय. जुना डेक तसाच चालू राहणार असेल तर दादांनी हेच करावं. तो पाच पायाचा सॉकेट मला माहीतच नव्हता.

कृष्णाकाठ
ताई, मनापासून आभार. मागं फक्त पॉवर, स्पीकर आणि अँटेना, आरसीए नाही. पॉट दोन्हीकडं थांबतो आणि पाय सहाच निघाले. शनिवारी ओळखीच्या टीव्ही दुरुस्तीवाल्यांकडं बसून ट्रॅक कापला, स्विच, सॉकेट, मॉड्यूल सगळं बसवलं. स्विच ॲशट्रेच्या आत घेतला, बाहेरून काही दिसत नाही. टेबलावर १२ व्होल्टच्या सप्लायवर लावलं तेव्हा इतकं स्वच्छ वाजलं की आम्ही दोघं गप्प बसून एक पूर्ण पद ऐकलं.

गाडीत बसवलं आणि इंजिन चालू केलं तर शिट्टी. बारीक, कीईईई अशी, ॲक्सिलरेटर दाबला की चढते सोडला की उतरते. आयपॉडला जवळजवळ नाही, ब्लूटूथला जोरात. इंजिन बंद केलं की दोन्हीला काहीच नाही. आप्पांना अजून दाखवलं नाही, असं दाखवणार पण नाही. काय करू?

अजिंक्यतारा
ही अल्टरनेटरची शिट्टी. माझ्याही गाडीत होती. ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून छोटी डबी मिळते, आत दोन छोटे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर असतात, ऑक्सच्या वायरीत मध्ये लावायची. माझी शिट्टी गेली.

तंबोरा_मिरज
डबीनं शिट्टी जाते हे खरं, पण माझ्या अनुभवात स्वस्त डबीत खर्जही पातळ होतो. खर्जाचा षड्ज हवा असेल तर तो शेवटचा उपाय ठेवा.

सोल्डरवाली
काका बरोबर बोलताहेत. आधी कारण शोधू. अल्टरनेटरमधून येणारा करंट डायोडमधून सरळ झाला तरी त्यात बारीक लहरी राहतात, इंजिनच्या वेगाबरोबर त्या लहरींचा स्वर चढतो म्हणून शिट्टी चढते. ती आवाजात शिरते कधी, तर मॉड्यूलचा अर्थ आणि सिग्नलचा अर्थ असे दोन रस्ते झाले आणि त्यांच्यात किंचित व्होल्टेजचा फरक पडला की. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. आयपॉड स्वतःच्या बॅटरीवर चालतो, त्याला गाडीच्या सप्लायचा अर्थच नाही, म्हणून तो स्वच्छ.

खात्री करून घ्या. मॉड्यूलची बकवरची वायर काढा आणि पॉवर बँकवरून ५ व्होल्ट द्या. शिट्टी गेली तर लूप नक्की.

दुसरं, "जवळजवळ नाही" म्हणजे आयपॉडलाही थोडी आहे, ते मला खटकतंय. तुम्ही महापुराचं लिहिलंय. गाडी तेव्हा कुठं होती? डेकची काळी वायर बॉडीला जिथं टाकलीय तो स्क्रू काढून बघा.

कृष्णाकाठ
पॉवर बँक लावली, ब्लूटूथची शिट्टी आयपॉडइतकी खाली आली. म्हणजे लूप आहेच.

आणि ताई, तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गाडी आमच्या बोळात उभी होती, बाहेर काढायला वेळच मिळाला नाही, पाणी सीटच्या खालपर्यंत होतं. नंतर कार्पेट काढून धुतलं, वाळवलं, इंजिनचं सगळं करून घेतलं, पण डॅशच्या खाली पायाशी कुणी वाकून बघितलंच नव्हतं. काल टॉर्च लावून आडवा झालो. काळी वायर पायाजवळच्या पत्र्यावर एका स्क्रूनं लावलेली होती, स्क्रूवर राखाडी गाळाची पापडी, नखानं खरवडली तर खाली गंजाचे पापुद्रे. थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) स्क्रूला नुसतं अडकलेलं, बोटानं हलवलं तर डेकचा लाइट लुकलुकला. इतकी वर्षं डेक त्या एका धाग्यावर वाजत होता.

पॉलिश पेपरनं पत्रा चकाकेपर्यंत घासला, नवीन पितळी थिंबल दाबून वर सोल्डर, नवीन स्क्रू, वरून ग्रीस. आयपॉडची शिट्टी पूर्ण बंद, आणि मला तर वाटतंय स्पीकरचा खालचा आवाजही भरदार झाला. ब्लूटूथला अजून आहे पण निम्म्याहून कमी.

सोल्डरवाली
भरदार झाला हे वाटणं नाही, खरंच झालं असणार, डेकला पुरा करंट मिळायला लागला. पूर आलेल्या प्रत्येक गाडीचे अर्थ पॉइंट उघडून घासायला पाहिजेत, हेडलाइट, पेट्रोल पंप, सगळ्यांचे. सांगलीत तरी हे प्रत्येकानं करून घ्यावं असं मला फार वाटतं.

राहिलेल्या शिट्टीसाठी बी०५०५एस नावाचा चार पायाचा छोटा काळा तुकडा आणा, ५ व्होल्ट आत ५ व्होल्ट बाहेर, पण मध्ये आतल्या आत ट्रान्सफॉर्मर, दोन्हीकडचा अर्थ एकमेकांना लागत नाही. १ वॉटचा आहे म्हणजे २०० मिलिअँपिअर, ब्लूटूथच्या मॉड्यूलला पुष्कळ. बकच्या पुढं आणि मॉड्यूलच्या आधी लावा. चारही पाय एका ओळीत आहेत, चुकून उलटा लावू नका. बाहेरच्या बाजूचा वजा बॉडीला जोडायचा नाही, तो फक्त मॉड्यूलला आणि मॉड्यूलमधून सिग्नलच्या अर्थच्या वायरीनं पॉटच्या अर्थला. डबीपेक्षा हे बरं कारण आवाजाचा सिग्नल ट्रान्सफॉर्मरमधून जातच नाही, फक्त सप्लाय जातो. काकांचा खर्ज शाबूत.

हळदपेठ
मध्येच विचारतो, माझ्याकडं सँट्रोत सीडीवाला डेक आहे, पायोनियरचा, पॉट गोल फिरतच राहतो. मला पण असं करता येईल का?

सोल्डरवाली
तुम्ही उघडू नका. मागं आयपी-बस लिहिलेला सॉकेट आहे का बघा, तो सीडी चेंजरसाठीचा, त्याला आरसीए देणारी अडॅप्टर वायर मिळते. किंवा पुढंच ऑक्स असेल पण मेन्यूत बंद करून ठेवलेला असेल, डेक बंद असताना सोर्सचं बटण दाबून धरलं की बऱ्याच मॉडेलला सेटिंग येतं, तिथं ऑक्स चालू करा.

हळदपेठ
ऑक्स निघाला! मेन्यूत बंद होता. आठ वर्षं गाडी वापरतोय. खूप धन्यवाद ताई.

कृष्णाकाठ
तो काळा तुकडा इथं लगेच मिळाला नाही, पुण्याहून मागवला, काल रात्री बसवला. शिट्टी गेली. इंजिन चालू, हेडलाइट चालू, पंखा तीनवर, काच बंद करून कान स्पीकरला लावला, काही नाही.

आज सकाळी आप्पांना घेऊन तासगावच्या गणपतीला गेलो. काही सांगितलं नाही, फक्त ॲशट्रेतला स्विच खाली केला आणि फोनवरून उरुसातली मैफल लावली. माधवनगर येईपर्यंत नुसते तंबोरेच जुळत होते. आप्पांनी काच वर घेतली. कवठे एकंदच्या अलीकडं रेकॉर्डिंगमध्ये एकजण खोकतो, आप्पा म्हणाले हा आमच्या शेजारी बसला होता, आणि मग त्या रात्रीचं सगळं सांगितलं, कोण कुठं बसलं होतं, चहा कुणी आणला, पहाटे सायकलवरून सांगलीला कसे परत आले. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. एक बाजू संपली तिथं भाच्यानं फाइल तोडलीय, दोन सेकंद शांतता येते, तेवढ्यात आप्पांचा हात कॅसेट उलटायला डेककडं गेला.

तंबोरा काका, एकदा गाडी घेऊन मिरजेला येतो, तुम्ही ऐकून सांगा.

तंबोरा_मिरज
या, जरूर या, आप्पांना घेऊन या. त्या उरुसाला मीही असेन कदाचित, तारीख कळवा.

कृष्णाकाठ
लेबल बघून कळवतो. ताई, शेवटचं एक, मॉड्यूलला माइक नाही त्यामुळं फोन आला की गाणं थांबतं आणि बोलायला फोन हातात घ्यावा लागतो. गाडी चालवताना ते नकोच.

सोल्डरवाली
हातात धरू नका, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरतात, आणि बाजूला आप्पा बसलेले असतात. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये या मॉड्यूलच्या नावापुढं कॉल आणि मीडिया असे दोन पर्याय असतील, कॉल बंद ठेवा. वाजला तर वाजू दे, गाडी बाजूला घेऊन बोला. माइकवालं मॉड्यूल हवंच असेल तर तेवढंच बदला, बाकीचं सगळं हेच राहील, माइकची वायर मात्र स्टिअरिंगच्या वरून घ्या आणि स्पीकरपासून लांब.